राइट-ऑफ म्हणजे कर्जमाफी नव्हे: स्टेट बँकेवरच्या त्या मेसेजला उत्तर

स्टेट बँकेबद्दलचा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमधून पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द इकडेतिकडे होतात, पण गाभा हाच असतो: “स्टेट बँक मूळची इंग्रजांची. १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी ती सरकारजमा केली. तेव्हापासून ती करदात्यांच्या पैशावर चालते. शेतकऱ्याला दारात उभं करत नाही, सगळा पैसा उद्योगपतींना देते. दहा वर्षांत तिनं त्यांची १६ लाख कोटींची कर्जं माफ केली. मल्ल्याचंही माफ केलं. उद्या बँक बुडाली तर तुम्हाला फक्त ५ लाख मिळणार. आजच पैसे काढा.”

यातली काही वाक्यं साफ चुकीची आहेत आणि काही अर्धवट खरी. अर्धवट खरी वाक्यं जास्त नुकसान करतात, कारण त्यांतला आकडा कुठंतरी छापून आलेला असतो आणि माणूस त्या आकड्याला भुलतो. म्हणून मेसेजच्या क्रमानं न जाता सगळ्यात मोठ्या आकड्यापासून सुरुवात करू.

“१६ लाख कोटी माफ केले”

आकडा खरा आहे, पण तो स्टेट बँकेचा नाही. २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत देशातल्या सगळ्या शेड्यूल्ड कमर्शियल (रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या व्यापारी) बँकांनी मिळून सुमारे १६.३५ लाख कोटी रुपयांची कर्जं राइट-ऑफ केली, असं उत्तर सरकारनं संसदेत दिलं आहे. त्यात खासगी बँकाही आल्या आणि परदेशी बँकाही. मार्च २०२५ अखेर स्टेट बँकेचं एकूण कर्जवाटप सुमारे ४२ लाख कोटींचं होतं. एकट्या बँकेनं १६ लाख कोटींवर पाणी सोडलं असतं तर तिचं भांडवल कितीतरी आधीच संपलं असतं.

दुसरी गफलत शब्दाची आहे. उत्तरात ‘राइट-ऑफ’ होतं, मेसेजमध्ये येईपर्यंत त्याचं ‘माफ’ झालं. मराठीत राइट-ऑफला निर्लेखन म्हणतात. ते कसं होतं हे एका खात्यावर बघू.

समजा एका कारखान्याकडून बँकेला १ कोटी रुपये येणं आहे आणि गहाण मालमत्तेची किंमत ६० लाख आहे. हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की खातं अनुत्पादक होतं, म्हणजेच एनपीए. (पीककर्जाचं माप वेगळं आहे: कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकाला एक हंगाम.) तिथून पुढं त्या खात्यावरचं न आलेलं व्याज बँकेला उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. कर्जदाराच्या नावावर मात्र ते वेगळ्या नोंदीत चढतच राहतं.

पहिले १२ महिने खातं ‘सबस्टँडर्ड’ या वर्गात राहतं. तारण असलेल्या कर्जावर या वर्गात सरसकट १५ टक्के तरतूद करावी लागते, म्हणजे आपल्या उदाहरणात १५ लाख. तरतूद म्हणजे बँकेनं आपल्या नफ्यातून तेवढी रक्कम वजा करून बाजूला ठेवणं. बारा महिने उलटले की खातं ‘संशयित’ वर्गात जातं. आता तारणाबाहेरच्या ४० लाखांवर पूर्ण १०० टक्के आणि तारणातल्या ६० लाखांवर २५ टक्के, म्हणजे १५ लाख. एकूण तरतूद ५५ लाख. संशयित वर्गातलं पहिलं वर्ष सरलं की तारणातल्या भागावरचा दर ४० टक्के होतो: ४० अधिक २४, एकूण ६४ लाख. संशयित वर्गात तीन वर्षं पूर्ण झाली की तारण असो नसो, १०० टक्के. म्हणजे एनपीए झाल्यापासून चार वर्षांत बँकेनं पूर्ण १ कोटी आपल्या नफ्यातून बाजूला काढलेले असतात.

या टप्प्यावर ताळेबंदाच्या एका बाजूला १ कोटीचं येणं आणि त्यासमोर १ कोटीची तरतूद उभी असते. निव्वळ किंमत शून्य. निर्लेखनात या दोन्ही रकमा एकमेकींसमोर काढून टाकतात. त्या वर्षीच्या नफ्यावर वेगळा बोजा पडत नाही, कारण तोटा आधीच्या चार वर्षांत सोसून झालेला असतो. खातं मग ‘अ‍ॅडव्हान्सेस अंडर कलेक्शन अकाउंट’ या स्वतंत्र वहीत जातं. स्टेट बँकेत त्याला ‘एयूसीए’ म्हणतात. नावातच ‘कलेक्शन’ आहे. कर्जदाराचं देणं आणि जामीनदाराची हमी कायम राहते, गहाणखत बँकेच्या तिजोरीतच असतं आणि कोर्टातले दावे चालू राहतात. पुढं कधी त्या खात्यात ३५ लाख वसूल झाले, तर ते ३५ लाख त्या वर्षीच्या उत्पन्नात जमा होतात.

आता मल्ल्याचं उदाहरण घ्या, कारण मेसेजमध्ये ते हमखास असतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये विजय मल्ल्याच्या किंगफिशर एअरलाइन्सचं सुमारे १,२०० कोटींचं कर्ज स्टेट बँकेनं या वहीत टाकल्याची बातमी आली. नोटाबंदीच्या रांगा लागल्या होत्या, त्यामुळे ‘मल्ल्याला माफी’ हा मथळा वाऱ्यासारखा पसरला. पुढचं मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही. दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१७ मध्ये, बंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणानं स्टेट बँकेच्या पुढाकारातल्या बँकसमूहाला ६,२०३ कोटी रुपये ११.५ टक्के व्याजासह वसूल करायला परवानगी दिली. जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणाच्या वसुली अधिकाऱ्यानं मल्ल्याच्या नावाशी जोडलेल्या युनायटेड ब्रुअरीज या बिअर कंपनीचे शेअर विकून ५,८२४ कोटी आणले. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलेला, या प्रकरणात बँकांना परत मिळालेल्या मालमत्तेचा एकूण आकडा १४,१३१ कोटींचा आहे. कर्ज माफ झालं असतं तर यातला एक रुपयाही मागण्याचा हक्क बँकेला उरला नसता.

खरी माफी कशी असते, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. २००८ ची केंद्राची योजना, २०१७ ची दीड लाखापर्यंतची राज्याची योजना, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची महात्मा जोतिराव फुले योजना, या माफ्या होत्या. तिथं सरकार कर्जदाराच्या वतीनं बँकेला पैसे देतं, खातं शून्यावर येतं, बँक नो ड्यूजचा दाखला देते, आणि तो तलाठ्याकडे गेला की फेरफार होऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो. निर्लेखनात यातलं काहीच घडत नाही. त्यामुळे ‘अमक्याचं कर्ज माफ झालं’ असं कानावर आलं की एवढंच विचारा: गहाण मोकळं झालं का? झालं नसेल तर ते निर्लेखन आहे.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रकार आहे आणि त्याकडे लक्ष फार कमी जातं: एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस. यात ठरलेली रक्कम भरली की उरलेली बँक खरोखर सोडून देते. क्रेडिट रिपोर्टवरही फरक दिसतो. पूर्ण फेडलेलं खातं ‘क्लोज्ड’, तडजोडीचं ‘सेटल्ड’ आणि निर्लेखित खातं ‘रिटन-ऑफ’ असं येतं, आणि शेवटच्या दोन्ही शेऱ्यांनंतर नवं कर्ज मिळणं वर्षानुवर्षं अवघड होतं. दिवाळखोरी संहितेखालीही तेच. भूषण स्टील २०१८ मध्ये टाटा स्टीलकडे गेली तेव्हा सुमारे ५६,००० कोटींच्या दाव्यांपोटी कर्ज देणाऱ्या संस्थांना साधारण ३५,५०० कोटी मिळाले. उरलेले खरोखर गेले.

म्हणून मेसेज खोटा आहे म्हणताना ‘म्हणजे सगळं आलबेल आहे’ असं कुणी समजू नये. माफी झाली नाही, पण तोटा झाला. २०१७-१८ मध्ये स्टेट बँकेचं ढोबळ एनपीए एकूण कर्जाच्या १०.९१ टक्क्यांवर गेलं आणि बँकेनं ६,५४७ कोटींचा निव्वळ तोटा दाखवला. वर सांगितलेल्या तरतुदींनीच तो खाल्ला. मार्च २०२५ मध्ये एनपीएचं प्रमाण १.८२ टक्क्यांवर आलं, पण त्या घसरणीतला काही वाटा वसुलीचा आणि काही निर्लेखनाचा असतो. तो कुणाचा किती, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये एनपीएच्या हालचालीचा तक्ता असतो. वर्षात नवी थकीत कर्जं किती आली, वसूल किती झाली, राइट-ऑफ किती झाली, हे ओळीनं दिलेलं असतं. संतापायचं असेल तर त्या तक्त्यावर संतापावं. तिथं धरून बोलायला आकडा तरी खरा मिळतो.

“इंग्रजांची बँक, १९६९ मध्ये सरकारजमा”

वंशावळ इंग्रजी अमदानीतली आहे यात वाद नाही. २ जून १८०६ ला बँक ऑफ कलकत्ता निघाली, १८०९ मध्ये ती बँक ऑफ बेंगॉल झाली. १८४० मध्ये बँक ऑफ बॉम्बे आणि १८४३ मध्ये बँक ऑफ मद्रास आली. या तीन इलाखा (प्रेसिडेन्सी) बँका. १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्यापर्यंत त्या स्वतःच्या नोटाही काढत. ‘स्टेट बँक नोटा छापते’ या गैरसमजाचं मूळ कदाचित तिथंच असेल; आज तिच्याकडे चलनपेट्या, म्हणजे नोटा साठवायच्या तिजोऱ्या आहेत आणि त्यांतल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या असतात.

यातली मुंबईची कहाणी प्रत्येक बँकरनं घोकून ठेवावी अशी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि आलेला पैसा बॅक बेचा समुद्र बुजवून जमीन काढू पाहणाऱ्या कंपन्यांसारख्यांच्या शेअरांत गेला. बँक ऑफ बॉम्बेनं त्याच शेअरांच्या तारणावर सढळ हातानं कर्जं दिली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस उतरला, शेअर कागद झाले आणि तारणही त्यांच्याबरोबर गेलं. १८६८ मध्ये बँक गुंडाळून नवी बँक ऑफ बॉम्बे उभी करावी लागली. वर तारणाच्या ६० लाखांचा जो हिशेब केला, त्यात ते तारण विकून खरंच किती येईल हा प्रश्न आजही तसाच आहे.

त्या धड्यातून १८७६ चा इलाखा बँकांचा कायदा आला. परकी चलनाचा व्यवहार करायचा नाही, स्थावर मालमत्तेवर कर्ज द्यायचं नाही, कर्ज काही महिन्यांपलीकडे लांबवायचं नाही, अशी बंधनं त्यानं घातली. व्यापाऱ्याच्या हुंडीला हे नियम ठीक होते. पण शेतकऱ्याकडे तारणाला जमीन सोडून दुसरं काय असतं? आणि विहिरीचं किंवा बैलजोडीचं कर्ज सहा महिन्यांत फिटत नाही. तिन्ही बँका मिळून २७ जानेवारी १९२१ ला इंपीरियल बँक झाली; तिचा कलही व्यापारी आणि शहरी राहिला. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक आल्यावर सरकारची बँकर ही भूमिका तिच्याकडून गेली आणि रिझर्व्ह बँकेचं कार्यालय नसेल तिथं तिचा एजंट हे काम उरलं.

स्वातंत्र्यानंतर गोरवाला समितीनं ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी केली. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या समितीवर होते. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांच्या एकूण कर्जउचलीत व्यापारी बँकांचा वाटा १ टक्क्याहून कमी आणि सहकारी संस्थांचा सुमारे ३ टक्के निघाला. उरलेला बहुतेक सावकार आणि व्यापारी पुरवत. समितीची शिफारस सरळ होती: इंपीरियल बँक ताब्यात घ्या आणि तिला गावाकडे न्या. त्यातून स्टेट बँक ऑफ इंडिया कायदा, १९५५ झाला आणि १ जुलै १९५५ ला स्टेट बँक सुरू झाली. म्हणजे १९६९ च्या चौदा वर्षं आधी, पंतप्रधान नेहरू असताना. बहुसंख्य शेअर रिझर्व्ह बँकेकडे गेले. ते सरकारकडे आले थेट २००७ मध्ये, ५९.७३ टक्क्यांना ३५,५३१ कोटी रुपये मोजून. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याची सक्ती कायद्यातच लिहिली होती आणि ती मुदतीत पुरी झाली.

१९ जुलै १९६९ ला राष्ट्रीयीकरण झालं ते ५० कोटींहून जास्त ठेवी असलेल्या १४ खासगी बँकांचं. आपली बँक ऑफ महाराष्ट्र त्यात होती. स्टेट बँक नव्हती, कारण ती खासगी उरलीच नव्हती. आजही तिचा कायदा त्या बँकांहून वेगळा आहे. सरकारचा हिस्सा ५१ टक्क्यांखाली न्यायचा तर तो कायदा संसदेत बदलावा लागेल, आणि सरकार सोडून इतर कुणाकडे कितीही शेअर असले तरी त्याला १० टक्क्यांपलीकडे मतदान करता येत नाही.

संस्थानांच्या बँका १९५९ च्या कायद्यानं तिच्या उपबँका झाल्या. त्यांतली हैदराबादची बँक मराठवाड्याची जुनी ओळखीची. २०१७ मध्ये ती इतर उपबँकांसह स्टेट बँकेत विलीन झाली.

“करदात्यांच्या पैशावर चालते”

दर वर्षी सरकार तिचं घर चालवत नाही. एनपीएच्या वाईट काळात सरकारनं भांडवल घातलं, २०१७-१८ मध्ये ८,८०० कोटी. तो करदात्याचाच पैसा होता. उलट बाजूनं २०२३-२४ साठी सरकारला ६,९५९ कोटी आणि २०२४-२५ साठी ८,०७६ कोटी लाभांश बँकेनं दिला, आयकर वेगळा. २०२४-२५ चा निव्वळ नफा ७०,९०१ कोटींचा आहे. मार्च २०२० मध्ये येस बँक ही खासगी बँक कोसळत होती तेव्हा स्टेट बँकेनं १० रुपयांना शेअर घेऊन ती सावरली. ‘आमचे पैसे बुडवले’ असे मेसेज तेव्हाही आले होते. येस बँकेचे १३ टक्क्यांहून जास्त शेअर २०२५ मध्ये २१.५० रुपयांनी विकून सुमारे ८,८८९ कोटी आले.

“शेतकऱ्याला देत नाही, सगळं उद्योगपतींना”

मार्च २०२५ चा हिशेब पाहा. वैयक्तिक कर्जं सुमारे १५ लाख कोटी, त्यात घरकर्ज ८ लाख कोटींच्या पुढं. मोठ्या कंपन्यांना सुमारे १२ लाख कोटी. शेतीला ३ लाख कोटींहून जास्त. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येक मोठ्या व्यापारी बँकेला ४० टक्के कर्ज अग्रक्रम क्षेत्राला (शेती, लघुउद्योग असे प्राधान्याचे गट), त्यात १८ टक्के शेतीला आणि त्या १८ पैकी १० अल्प व अत्यल्पभूधारकांना द्यावं लागतं. कमी पडलं तर तूट नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत निधीत कमी व्याजानं अडकते किंवा दुसऱ्या बँकेकडून तिनं दिलेल्या जादा कर्जाची प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात. या दोन पळवाटांमुळे कागदावर टक्का भरतो आणि गावातल्या शाखेत पीककर्ज अडलेलं राहू शकतं. ही तक्रार खरी आहे आणि ती ठामपणे करावी. जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही असा नियम आहे. शाखेनं जमीन गहाण मागितली तर नकार लेखी मागा, मग शाखेच्या वरिष्ठ कार्यालयाकडे तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही.

“फक्त ५ लाख मिळणार, आजच काढा”

५ लाखांचा विमा खरा आहे, पण तो स्टेट बँकेपुरता नाही. फेब्रुवारी २०२० पासून डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेची ठेव विमा संस्था) हे संरक्षण खासगी, सरकारी आणि सहकारी अशा सगळ्या विमाधारक बँकांना सारखंच आहे. आधी ते १ लाख होतं. ठेव विम्याची सुरुवातच १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर झाली. मोजणी ठेवीदार आणि बँक धरून होते: एकाच बँकेच्या चार शाखांत ठेवलं तरी मुद्दल आणि व्याज मिळून मर्यादा एकच. पती-पत्नीचं संयुक्त खातं आणि एकट्याचं खातं मात्र वेगळं धरतात.

ही मर्यादा बँक बंद करायची वेळ आली तर कामाला येते. स्टेट बँकेला कंपन्यांच्या दिवाळ्याचा कायदा लागूच होत नाही. १९५५ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार ती फक्त केंद्र सरकारच्या आदेशानं बंद होऊ शकते. त्यावर, २०१५ पासून ती रिझर्व्ह बँकेच्या ‘देशांतर्गत महत्त्वाच्या’, म्हणजे बुडू देणं परवडणार नाही अशा, बँकांच्या यादीत आहे आणि त्यासाठी इतरांपेक्षा जास्त भांडवल राखते. ‘ठेवीदाराच्या पैशातून बँक वाचवणार’ ही भीती बुडत्या वित्तसंस्था हाताळण्यासाठी आणलेल्या २०१७ च्या एफआरडीआय विधेयकातून आली होती. ते विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये मागं घेतलं गेलं.

मुदतठेव मोडली तर व्याज ठेव जितके दिवस राहिली त्या मुदतीच्या दरानं मिळतं आणि त्यातूनही दंड कापला जातो. पाच वर्षांची ठेव दीड वर्षात मोडली तर दीड वर्षाचा दर, वजा दंड. आणि काढलेला पैसा जातो कुठं? अनेकदा दोन टक्के जास्त व्याज देणाऱ्या जवळच्या पतसंस्थेत. पतसंस्था बँक नसते, तिथल्या ठेवीला डीआयसीजीसीचा एक रुपयाचाही विमा नाही. विमा असलेल्या बँकांची यादी डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर आहे. पैसे हलवण्याआधी नव्या ठिकाणाचं नाव तिथं सापडतं का ते पाहा.